खटका वर आहे ना?

कोल्हापूरजवळच्या उचगावात मी ज्या गल्लीत भाड्याने राहत होते, तिथे मंगळवारी सकाळी कुणी फोडणी टाकायची नाही असा नियम होता. देवाधर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. आमचे घरमालक मंगळवारी टाकीत हवा भरायचे.

ही हवा श्वासाची. परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना कॉम्प्रेसर होता आणि हवा ओढणारी त्याची नळी भिंतीवरून थेट गच्चीवर नेलेली होती. नळीच्या तोंडाशी जो वास येईल तो टाकीत शिरायचा, आणि दोन दिवसांनी तोच वास चाळीस फूट पाण्याखाली आबांच्या घशात उतरायचा. घरमालकांना सगळी गल्ली आबा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. एकदा उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींनी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या नेमक्या मंगळवारी भाजायला काढल्या आणि आबांना त्याचा ठसका कागलकडच्या एका विहिरीच्या तळाशी लागला. पाण्याखाली खोकायचं कसं, हे त्यांनी मला नंतर सोप्यात बसून करून दाखवलं.

वहिनी काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. तुमच्या टाकीपायी आम्ही वर्षभर अळणी जेवायचं का, असं त्यांनी गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. शेवटी तडजोड निघाली. आबांनी सातला सुरू करून दहाला संपवायचं. दहा वाजले की वहिनी कढई हातात घेऊन कठड्याशी उभ्या राहायच्या आणि भरलं का, टाकू का मिरच्या, अशी रीतसर परवानगी मागायच्या. ते घर सोडून मला आता बरेच दिवस झाले, पण मंगळवारी सकाळी कुठे फोडणीचा वास आला की मी अजून घड्याळाकडे बघते.

मी बार्शीकडची. कोल्हापुरात एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं आणि तपासायचं काम मिळालं म्हणून आले आणि आबांच्या घरात वरची खोली घेतली. माझा स्वभाव आधीपासूनच काळजीचा. कुलूप लावून फाटकापर्यंत जायचं, परत येऊन कुलूप ओढून बघायचं, मग पुन्हा उघडून गॅस बघायचा. मन चिंती ते वैरी न चिंती, असं माझी आई म्हणायची, आणि ते ती माझ्याकडे बघूनच म्हणायची. त्यात पाण्याची सवय नाही. आमच्याकडे पाणी घागरीत बघायचं. काठोकाठ भरलेली विहीर दिसली की मला गरगरतं.

अशा बाईला आबांनी दोरी धरायला निवडलं. त्यांची दोरी धरणारे त्यांचे जुने मित्र गुडघेदुखीने घरी बसले होते आणि आबा नवीन माणसाच्या शोधात होते. गल्लीतली धडधाकट माणसं सोडून त्यांनी मला विचारलं. मी त्या दिवशी तिसऱ्यांदा फाटकावरून मागे फिरले होते आणि ते खुर्चीत बसून मोजत होते. मी म्हटलं, आबा, मला भीती वाटते. मला पोहतासुद्धा येत नाही.

"म्हणून तर तुला इचारतुया," आबा म्हणाले. "ज्येला भ्या वाटतंय त्यानंच दोरी धरावी. धाडसी माणूस तंबाकू मळत बसतुया वर."

आबा तीस वर्षं मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. जहाजांच्या पोटाखाली जाऊन पंखे तपासायचे, भेगा बुजवायच्या, अडकलेले दोर कापायचे. ते निवृत्त झाले तेव्हा तिथलं जुनं सामान मोडीत निघालं होतं, त्यातला एक संच ते गावी घेऊन आले. एक जाडजूड पोलादी टाकी, तिच्या गळ्याशी बसवायचा पितळेचा वाटोळा डबा, आणि त्या डब्यातून निघून दोन्ही कानांजवळून तोंडाशी येणाऱ्या दोन वळ्यावळ्यांच्या रबरी नळ्या. एकीतून हवा यायची, दुसरीतून जायची. कोल्हापुरात समुद्र नाही, पण विहिरी आहेत आणि विहिरीत पडणाऱ्या पाणी उपसायच्या मोटारी आहेत. दोर तुटून मोटार तळाला गेली की लोक आबांकडे यायचे.

त्या सामानाचे त्यांनी जे लाड केले ते पोटच्या पोरीचे केले नसतील, असं काकी म्हणायच्या. काकी म्हणजे त्यांची बायको. पितळ घासायला काकींची वर्षाची चिंच जायची. रबर चिकटू नये म्हणून नळ्यांना लहान बाळाची पावडर लागायची, त्यामुळे सत्तरी गाठलेल्या या माणसाजवळ गेलं की बाळंतिणीच्या खोलीसारखा वास यायचा. डब्यातला पातळ रबरी पडदा ते स्वतः कापायचे. एखादा स्क्रू झिजला की उद्यमनगरातल्या त्यांच्या ओळखीच्या टर्नरकडे जायचे आणि तो कातून देईपर्यंत लेथपासून हलायचे नाहीत.

त्यांची मुलगी पुण्याला असते. एकदा तिने आणि जावयाने मिळून नवा कोरा संच पाठवला. हलका, रंगीत, एकच नळी, हवा किती उरली ते दाखवणारा काटा, शिवाय मनगटावर बांधायचा छोटा कॉम्प्युटर. मला फार बरं वाटलं. आबांनी तो एकदा वापरला आणि वर येऊन काढून ठेवला. मी कारण विचारलं. असं काही विचारलं की आबा गप्प होणारे नव्हते, उलट त्यांची कळी खुलायची.

म्हणाले, ते मनगटावरचं यंत्र लग्नातल्या पावण्यागत सारखं विचारतंय, किती राहिलं, किती राहिलं. पाण्यात जायचं ते गप्प बसायला. नव्या नळीचे बुडबुडे तोंडासमोरून, गालावरून खळखळ जातात. जुन्याचे मानेच्या मागून निघून जातात आणि पुढे सगळं शांत असतं. मासळी येऊन तुमच्याकडे बघते. जुन्या डब्यात उताणं झालं की हवा आपोआप येते, पालथं झालं की ओढून घ्यावी लागते, म्हणजे गढूळ अंधारातसुद्धा आपण कसे आहोत ते श्वासच सांगतो. आणि विहिरीत डोळ्यासमोरचा हात दिसत नाही, तिथे काटा काय दिसणार? मी म्हटलं, पण हवा संपत आलेली कळायला नको? त्यावर त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, हे काय बिघडलंय?

हे सगळं ऐकताना मला पटायचं. विहिरीच्या काठावर बसल्यावर मात्र एक अक्षर पटायचं नाही.

आमची भाषा दोन शब्दांची होती. दोरीला एक झटका म्हणजे वरून विचारणा, बरे आहात ना. खालून एक झटका म्हणजे बरा आहे. वरून चार झटके म्हणजे असाल तसे वर या. सुरुवातीच्या दिवसांत एकदा विचारणा करून खालून उत्तर आलं नाही आणि माझा धीर सुटला. मी चार झटके दिले. आबा तडक वर आले. त्यांना मोटार सापडली होती, कडीत हूक अडकवत होते म्हणून हात मोकळा नव्हता, आणि आता हूक सुटून मोटार पुन्हा चिखलात गेली होती. ते खाली जाऊन उणीपुरी दोन मिनिटं झाली होती, असं कुणीतरी घड्याळ बघून सांगितलं. मळ्यातली माणसं हसली. डॉक्टरीणबाई घाबरल्या, म्हणाली. लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ती माणसं डॉक्टरीणच म्हणायची.

आबा हसले नाहीत. बोलावलं म्हणजे यायचं, कशाला ते वर आल्यावर, एवढं त्यांनी त्या माणसांना ऐकवलं आणि पुन्हा खाली गेले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पण ते हसणं माझ्या मनात घर करून राहिलं. त्यानंतर भीती वाटली की मी आधी स्वतःलाच दटावायचे, की हा तुझा नेहमीचा रोग आहे, गप्प बस. पुढे जे झालं त्यात या दटावण्याचा मोठा हात आहे.

आता टाकीच्या खटक्याबद्दल सांगायला हवं. जुन्या टाकीला काटा नसतो. श्वास जड यायला लागला की समजायचं, हवा संपत आली. मग हात मागे न्यायचा आणि टाकीच्या कडेने गेलेली सळी खाली ओढायची. वरचा खटका पडतो आणि राखून ठेवलेली पाचएक मिनिटांची हवा मोकळी होते. तेवढ्यात वर यायचं. टाकी भरताना खटका खाली असतो, भरून झाली की वर करायचा, आणि पाण्यात शिरताना तो वरच असला पाहिजे. आधीच खाली असला तर राखीव हवाही नकळत संपते आणि श्वास अडला की ओढायला काही उरत नाही. म्हणून पाण्यात पाय टाकण्याआधी आबा हात मागे नेऊन सळी चाचपायचे. मी तेवढ्यात विचारायचे, खटका वर आहे ना? ते म्हणायचे, हाय.

त्या वर्षी खंडेनवमीला सोप्यात पाट मांडून काकींनी टाकी उभी केली. शेजारी घासलेला डबा, बुडताना वजनासाठी कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा, आबांचा चाकू. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. गुळगुळीत टाकीला झेंडूची माळ कशी अडकवणार? सळीच्या खालच्या टोकाला एक कडी असते. काकींनी माळ टाकीच्या गळ्याभोवती फिरवून तिचा दोरा त्या कडीत घट्ट ओवला. टाकी छान दिसत होती. मी फोटोसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी दसरा. जेवणं व्हायच्या आधी कागलच्या पलीकडच्या एका खेड्यातून टेम्पो भरून माणसं आली. सकाळी देवीचा पितळी मुखवटा विहिरीच्या पायरीवर घासून धुताना गुरवाच्या हातून निसटला होता. संध्याकाळी सोनं लुटायला पालखी निघायची होती आणि पालखीत देवीच नव्हती. गावातल्या पोरांनी बुड्या मारून बघितल्या, पण तळ काही लागला नव्हता. काकी म्हणाल्या, पूजलेली हत्यारं सीमोल्लंघनाच्या आधी हलवू नयेत. आबा म्हणाले, देवीच्याच कामाला चाललोय की. आणि टाकी माळेसकट टेम्पोत चढली.

आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे सामानाजवळ. वाटेत माळ काढायचं माझ्या मनात आलं. फुलं चुरगळतील, पाण्यात पाकळ्या डब्यात जातील, असली माझी काळजी. दोरा कडीत घट्ट बसला होता. मी माळ धरून खाली ओढली. खट् असा आवाज झाला आणि माळ हातात आली. दोरा तुटला असं समजून मी ती नीट गुंडाळून पिशवीत ठेवली, कारण देवाची फुलं रस्त्यावर टाकत नाहीत.

विहिरीवर सगळा गाव लोटला होता. हलगी वाजत होती. म्हातारा गुरव रडत रडत आबांच्या पाया पडला. आपल्यापेक्षा मोठा माणूस पाया पडतोय म्हटल्यावर आबा कानकोंडे झाले आणि तिथून सुटायच्या घाईत पायऱ्या उतरून पाण्यात गेले. त्यांनी सळी चाचपली नाही. मीही विचारलं नाही. मी कडेला उभ्या पोरांना मागे सारण्यात गुंतले होते. ही एवढी गोष्ट मी आजवर हजार वेळा मनात उलटसुलट केली आहे.

पाणी हिरवं होतं आणि बुडबुडे सोडले तर काही दिसत नव्हतं. मी विचारत होते, खालून उत्तर येत होतं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की टाकीवर माळ होती ती कुठाय, निर्माल्य आहे, देवीच्या पाण्यात सोडू. मी एका हाताने पिशवीतून माळ काढून दिली. म्हातारीने ती उलगडली आणि पाण्यात सोडण्याआधी दोन्ही हातांत लांब धरली.

माळ अखंड होती. दोरा कुठेही तुटलेला नव्हता.

मग खट् काय झालं होतं?

माळेबरोबर मी सळीच खाली ओढली होती. तरीही मी लगेच बोलावलं नाही, हे लिहितानाही लाज वाटते. मला ते मळ्यातलं हसणं आठवलं. वाटलं, आबांनी उतरताना नक्की चाचपली असेल, तूच बघितलं नसशील. मुखवटा हाताशी आला असेल आणि तुझ्या खुळ्या भीतीपायी सुटेल, मग अख्खा गाव काय म्हणेल? चार श्वास घ्यावे इतका वेळ गेला असेल. मग मी चार झटके दिले. उत्तर नाही. पुन्हा चार दिले. दोरी नुसती ताठ होती.

ओढा, असं मी ओरडले. शेजारचा माणूस म्हणाला, बाई, देवी गावली न्हाय अजून. मी त्याच्याकडे न बघता एकटीच ओढायला लागले. माझं तोंड बघून तो आणि आणखी दोघे दोरीला आले. आबा वर आले तेव्हा नळ्या तोंडातून सुटल्या होत्या आणि ओठ जांभळे पडले होते. डाव्या बगलेत देवीचा मुखवटा गच्च धरलेला होता.

गावाने फक्त मुखवटा बघितला. हलगी दुप्पट जोरात सुरू झाली, भंडारा उधळला, आबांना पायरीवर बसवून बायकांनी ओवाळलं. हा माणूस मरता मरता राहिला हे त्या गर्दीत कुणालाच कळलं नव्हतं. आबांचा हात मागे सळी चाचपत होता.

"खटका खालीच हुता," ते मला हळू आवाजात म्हणाले. "भरल्यावर वर करायचा इसरलो मी. चाळीस वर्सांत पयल्यांदा इसरलो."

मी सांगणार होते, खरंच सांगणार होते. तेवढ्यात कुणीतरी माझ्याही कपाळाला भंडारा लावला आणि मी गप्प बसले.

त्या दिवसापासून आबांनी टाकीला हात लावला नाही. मंगळवारी कॉम्प्रेसर सुरू होईना. वहिनी दोन-तीन मंगळवार सवयीने कठड्याशी आल्या, मग वेळ न बघता फोडण्या टाकू लागल्या. काकींना आनंद लपवता येत नव्हता. देवीनंच बंद केलं, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पुण्याची मुलगी फोनवर रडली, सुटकेने. सगळं घर निवांत झालं. मीच काय ती जिवाला खात बसले होते. खरं सांगावं तर मग आबा पुन्हा विहिरीत उतरणार. न सांगावं तर निदान जिवंत राहतील. स्वतःचा भित्रेपणा झाकायला मला असं छान कारण मिळालं होतं.

मग आबा कुलपं बघायला लागले. आधी मला गंमत वाटली. फाटक लावून जायचे, चार पावलांवर थांबून मागे फिरायचे, कडी हलवून बघायचे. गॅसचं बटण बघून यायचे. पाण्याची टाकी भरायला लावली की मोटारीपाशी स्टूल घेऊन बसून राहायचे, कारण उठलो तर विसरेन. भिंतीवर पाटी टांगली आणि तिच्यावर खडूने लिहायला लागले, गोळी घेतली, दूध घेतलं, दार लावलं. एकदा मी लॅबमध्ये असताना त्यांचा फोन आला. पोरी, मी सकाळी फाटक लावलं का, तू बघितलंस का? तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी स्वतःशी त्याच आवाजात बोलत आले आहे. या जगण्यात काय सुख आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि ते मीच त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

एक दिवस ते दवाखान्यात आले. विसरायच्या रोगाची तपासणी करायची म्हणाले. डॉक्टरांनी रक्त काढायला माझ्याकडे पाठवलं. बाही वर करून ते माझ्यापुढे बसले, मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. हजारो लोकांचं रक्त काढलंय मी, पण त्या दिवशी दोनदा सुई चुकली. आबा म्हणाले, असू दे, हुतंय. दोन दिवसांनी रिपोर्ट मीच हातात दिला. सगळं नॉर्मल होतं. त्यांनी तो चष्मा लावून वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"यंत्रात घावत न्हाय त्ये," एवढंच म्हणाले.

सात महिने असे गेले. वैशाखात एका सकाळी मी खाली आले तर सोप्यात पोतं पसरलं होतं आणि आबा डबा खोलत बसले होते. उद्यमनगरातल्या टर्नरला निरोप गेला होता. पितळ ओतायला देणार होते, त्याच्या भट्टीत यंत्रांना लागणाऱ्या चांगल्या बुशा होतील म्हणाले. काकी आत भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. मी पायरीवर बसले. मी सगळं सांगितलं. माळ, कडी, खट् झालेला आवाज, म्हातारीच्या हातातला न तुटलेला दोरा, आणि त्यानंतर चार श्वास मी काहीच केलं नाही तेसुद्धा.

आबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "सात म्हयनं म्हातारा करून ठेवलास मला."

मी रडायला लागले. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. उठून कोपऱ्यातली टाकी ओढत आणली, खटका वर केला, सुतळीचा तुकडा आणून कडीत ओवला आणि म्हणाले, काढ, तशीच काढ. मी ओढली. खट्. त्यांनी पुन्हा ओवली, पुन्हा काढायला लावली. तीनदा तसं केलं. तिसऱ्यांदा ते हसले, आणि ते हसणं ऐकून आतला भाकरीचा आवाज थांबला.

मी म्हटलं, पण आबा, तुम्हीही उतरताना बघितलं नव्हतं. हे म्हणायची काही गरज नव्हती, पण सांगायला बसल्यावर मला अर्धवट राहवेना. त्यांनी मान हलवली. म्हणाले, बघितलं नाही ती घाई. घाई ही चूक, ती कबूल, तिला कान धरायचा आणि परत करायची नाही. विसरलो असतो तर तो रोग होता, त्याला कान नसतो. हे बोलत असतानाच ते डब्याचे स्क्रू परत बसवायला लागले होते.

काकी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आबा फडका शोधायला परसात गेले तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या.

"मला वाटलं हुतं, आता ह्ये घरात मरतील," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "तुला गप ऱ्हावलं न्हाय व्हय?"

त्या आत गेल्या आणि भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण पहिल्यासारखा एका लयीत नव्हता.

त्याच महिन्यात जोतिबाच्या वाटेवरच्या एका मळ्यात मोटार पडली. जीप आली. आबांनी सामान चढवलं, मी दोरी घेतली आणि बघते तर काकी चपला घालून फाटकाशी उभ्या. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, त्या कधी कुठल्या विहिरीवर आल्या नव्हत्या. गोदीतसुद्धा कधी गेल्या नव्हत्या. ते खाली असतात तेव्हा आपण चुलीपाशी बरं, असं त्यांचं होतं. आबांनी काय गं म्हणून विचारलं, तर त्या जीपमध्ये चढल्या. मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसल्या आणि सगळी वाट खिडकीबाहेर बघत राहिल्या.

विहिरीच्या काठावर आबांनी हात मागे नेऊन सळी चाचपली. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. मग माझं समाधान होईना म्हणून मी स्वतः जाऊन हात लावून बघितला, आणि माझ्यामागून काकींनीही लावला. आबांनी नळ्या तोंडात धरल्या आणि ते पाण्यात उतरले. डोकं बुडालं, बुडबुडे आले, मग पाणी पुन्हा सपाट झालं.

काकी माझ्यामागे दगडावर बसल्या. थोड्या वेळाने माझ्या हातामागे दोरीवर त्यांचा हात आला. घट्ट धरला होता. त्यांचा श्वास मला मानेशी ऐकू येत होता. मी दोरीला एक झटका दिला. आम्ही दोघी थांबलो. खालून एक झटका आला.

"काय म्हणाले?" काकींनी विचारलं.

मी म्हटलं, "बरा आहे म्हणाले."

काकींनी हात सोडला नाही.

"परत इचार," त्या म्हणाल्या.